एकशे सदतीस वॉर्निंग आणि भिकन नाना

वरणगावच्या कारखान्यात चौतीस वर्षं काडतुसांची तपासणी केलेला माणूस निवृत्त होतो, त्याची तपासणी निवृत्त होत नाही, याचा अंदाज मोहिनीला लग्नाआधीच आला होता. होणारे सासरे भिकन नाना तायडे तिला बघायला धुळ्याला आले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि एकच प्रश्न विचारला, की या घरात रात्री गॅसचा रेग्युलेटर कोण बंद करतं. मोहिनी म्हणाली, मी करते, आणि मग उठून परत एकदा बघते. नानांनी कप खाली ठेवला आणि पोरगी पसंत असल्याचं सांगितलं. तिची बी.एस्सी. कुठल्या विषयात आहे हे त्यांना लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं.

तेव्हापासून जळगावच्या त्या घरात दोघं एकमेकांना धरून होते. मोहिनीचा नवरा भुसावळला रेल्वेत, घरी कमी आणि ड्युटीवर जास्त. मुलगी साक्षी दिवसभर कॉलेजात. मोहिनीच्या काळजीला घरात सगळे हसायचे, नाना सोडून. ती म्हणाली, इस्त्री चालूच राहिली की काय, तर नाना सायकल वळवून घरी जाऊन बघून यायचे, आणि बंद होती असं सांगताना जराही हसायचे नाहीत. नानांनी दुधाच्या पिशवीवरची तारीख, सिलिंडरच्या कानावरची तारीख, भेंडीची प्रत्येक शेंग तपासली तरी मोहिनीही कधी कुरकुरली नाही. त्या रविवारपर्यंत तरी नाही.

रविवारचं प्रकरण साक्षीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं होतं. तिने केळीच्या पानावरचे रोग ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पानाचा फोटो दाखवायचा आणि प्रोग्रॅमने सांगायचं, करपा आहे की आणखी काही. त्यासाठी मोहिनी आणि नाना यांनी महिनाभर रावेरच्या बाजूला बागांमधून हिंडून सहाशे बारा फोटो काढले होते. फोटो मोहिनीने काढले, पान नानांनी धरलं. त्यामुळे प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात नानांचा अंगठा होता. साक्षीने तो काढायला सांगितला तेव्हा नाना म्हणाले की नमुना हातात धरल्याशिवाय तपासणी होत नसते.

सोमवारी अकरा वाजता बाहेरच्या परीक्षक बाई येणार होत्या. अट अशी होती की प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्सवर चालला पाहिजे आणि कुणाच्याही घरच्या साध्या विंडोजवरही. खिडक्या, बटणं, मेनू दोन्हीकडे सारखे दिसावेत म्हणून साक्षीने एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरली होती. लॅबमधलं काम झालं होतं. घरच्या संगणकावर मात्र तयार मिळणारी लायब्ररी चालेना, संगणक फार जुना, म्हणून ती मुळापासून, सोर्सपासून बांधायची होती. बांधायची म्हणजे काय, असं मोहिनीने विचारलं.

"पिठाची पिशवी मिळाली नाही, मम्मी, म्हणून गहू आणलेत. आता घरीच दळायचे," साक्षी म्हणाली. "सहा तास लागतील."

आणि नेमकी त्याच रविवारी तिची धुळ्याला नोकरीची परीक्षा होती, दोन पेपर, एक सकाळी आणि एक तीनला. पहाटे साडेपाचला तिने संगणकाला दळायला बसवलं, पडद्यावर ओळी धावू लागल्याचं पाहिलं आणि बसला पळाली. जाताना सांगून गेली की कशालाही हात लावू नका, शंभर टक्के आकडा आला की संपलं. मोहिनीने निगराणीसाठी नानांना खुर्चीत बसवलं. तिला वाटलं, याहून खात्रीचा माणूस जिल्ह्यात सापडायचा नाही.

पावणेसातला ती कणीक मळत असताना शिट्टी वाजली. कारखान्यातली, पितळी, नानांनी निवृत्तीनंतर रुमालात गुंडाळून ठेवलेली. नाना दारात उभे होते आणि अगदी शांतपणे सांगत होते की पडद्यावर जांभळ्या अक्षरात वॉर्निंग आलेली आहे, सगळ्यांनी चालत, न पळता, कडुनिंबाखाली जमायचं. मोहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आली. मेन स्विच बंद करायचं तिच्या मनात आलं, पण नानांनी रोखलं. वॉर्निंग आल्यावर यंत्राला कुणी हात लावायचा नाही, जबाबदार अधिकारी येईपर्यंत.

शेजारच्या तानुबाई धुणं घेऊन बाहेर आल्या होत्या, त्याही रांगेत घेतल्या गेल्या. दूधवाला आला, त्यालाही उभं केलं. नानांनी हजेरी घेतली. चारपैकी चार हजर.

"बठ्ठा बाहेर काबर उभा शेतस?" सगळे बाहेर का उभे, असं तानुबाई मोहिनीला हळूच अहिराणीत विचारत होत्या.

"संगणकात वॉर्निंग आली आहे," मोहिनी म्हणाली, आणि आपण हे वाक्य मोठ्याने बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

तानुबाईंनी थोडा विचार केला आणि बादली घराच्या भिंतीपासून दोन हात लांब सरकवली.

चाळीस मिनिटं गेली. दूध तापायचं राहिलं. शेवटी मोहिनीने युक्ती काढली की जबाबदार अधिकारी म्हणजे साक्षी, आणि ती बसमध्ये आहे, तिला फोन लावू. साक्षी पारोळ्याजवळ कुठेतरी होती. ती ओरडून सांगत होती की अशा वॉर्निंग शेकडो येतात, त्यांनी काही होत नाही, ज्यांनी लायब्ररी लिहिली त्यांनाही त्या ठाऊक आहेत.

"काही होत नाही असं कुणी लेखी दिलंय?" नानांनी विचारलं.

मोहिनीने फोन काढून घेतला आणि पोरीला सांगितलं, लेखी दे बाई. मिनिटाभरात मेसेज आला: वॉर्निंग माहीत आहेत, काम चालू द्यावे, साक्षी तायडे. नानांनी तो दोनदा वाचला. कारखान्यात अशी पद्धत होती. किरकोळ दोष असला की बनवणारा लेखी द्यायचा, तपासनीस नोंद करून सही करायचा आणि माल सवलतीत पास व्हायचा. मात्र नोंद प्रत्येक दोषाची. नानांनी जाड वही काढली, रकाने आखले, अनुक्रमांक, वेळ, दोष, शेरा, आणि पुन्हा खुर्चीत बसले. तानुबाई बादली घेऊन घरी गेल्या. मोहिनीने वाळलेली कणीक फेकून नवी मळायला घेतली.

सव्वाबाराला साक्षीचा फोन आला. पहिला पेपर बरा गेला होता. किती टक्के झाले, तिने विचारलं.

"चाळीस," मोहिनी म्हणाली.

साक्षीने विचारलं, माऊसला कुणी हात लावतं का. मोहिनीने खोलीत डोकावलं. नाना पडद्यावरची ओळ वहीत उतरवत होते, आणि वाचताना बोट ठेवावं तसा त्यांनी माऊसचा बाण त्या ओळीवर ठेवून टिचकी मारली होती. ओळ पांढरी झाली होती. यंत्र फार शिस्तीचं आहे, नाना कौतुकाने म्हणाले, हात ठेवला की थांबतं, लिहून झालं की एंटर दाबायचं, मग पुढे जातं. इतकी नम्र मशीन त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती.

साक्षीने फोनवर काहीतरी म्हटलं ते मोहिनीने नानांना सांगितलं नाही. टिचकी मारली की अख्खं काम थांबून राहतं. दळणाऱ्या गिरणीचा पट्टा धरून ठेवण्यासारखं. आता कुणी हात लावला नाही तर संध्याकाळी कसंबसं होईल, असं म्हणून साक्षी जेवायला गेली.

नानांकडे वही मागायची कशी, या विचारात मोहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. माणसाच्या कामाचं आधी कौतुक करावं म्हणून तिने वही पहिल्या पानापासून उलटायला घेतली. एकशे सदतीस नोंदी, मोत्यासारखं अक्षर. अनुक्रमांक एकपाशी ती थांबली. वेळ, पाच एकतीस. दोष: जेपीईजी, नाही. शेरा: स्वतःहून कळवले आहे. प्रामाणिक. सवलतीत पास.

"नाना, हे काय?"

ते सुरुवातीला आलं होतं, नाना म्हणाले. साक्षी चपला घालत होती. यंत्राने आधी सगळं सामान मोजलं आणि हे एक नाही असं सरळ सांगितलं. वॉर्निंग नव्हती, साधी पांढरी ओळ होती. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. ती ओळ त्यांनी वही आखल्यावर सगळ्यात आधी, पडदा वर सरकवून, उतरवून घेतली, वही पूर्ण असावी म्हणून.

मोहिनीला संगणकातलं काही कळत नव्हतं. पण रावेरच्या उन्हात सहाशे बारा फोटो तिने काढले होते, आणि फोनवरून पाठवताना त्या प्रत्येकाच्या नावामागे हेच जेपीईजी लिहिलेलं असतं, हे तिला पाठ होतं. तिने फोन लावला.

साक्षीने घास तसाच गिळला असावा. लायब्ररी फोटोंशिवाय बांधली जात होती. उद्या खिडकी उघडली असती, बटणं दिसली असती, आणि परीक्षक बाईंसमोर पानाच्या जागी कोरा चौकोन आला असता. जो तुकडा सापडला नव्हता तो संगणकातच दुसऱ्या फोल्डरमध्ये पडलेला होता. त्याचा पत्ता देऊन सगळं पहिल्यापासून सुरू करायचं होतं. अडीचला फोन जमा होणार होते. लांबलचक आज्ञा मेसेजवर आली. साक्षी म्हणाली, मम्मी, एक टिंबही इकडचं तिकडे नको.

मोहिनीने कीबोर्ड पुढे ओढला. तेव्हा नानांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली. ते म्हणायचे, आडवी रेघ. ती दाबायची आणि म्हणायची, आडवी रेघ. ते म्हणायचे, डी, मोठा. डी, मोठा. तिरपी रेघ, उजवीकडे झुकलेली. कारखान्यात घातक काम असं दोघांनी करायचं असतं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने परत बोलायचं. अकरा मिनिटं लागली. सामानाच्या यादीत जेपीईजीपुढे होकार आला.

आता खरा प्रश्न होता. एक वाजला होता. संगणकाला सात वाजेपर्यंत मोकळं सोडायला हवं होतं, आणि नाना नवं पान आखत होते.

मोहिनीने पदर खोचला. या घरात तिने सासऱ्यांशी वाद असा कधी घातला नव्हता.

"नाना, कारखान्यात पेटी आली की तुम्ही त्यातलं प्रत्येक काडतूस उडवून बघायचात?"

नानांची पट्टी थांबली. "छे. नमुना काढायचा. सगळीच उडवली तर पाठवायचं काय?"

"आणि नमुना पास झाला तर?"

"तर लॉट पास."

"मग हे एकशे सदतीस म्हणजे नमुनाच की नाही?"

नानांनी वहीतल्या नोंदी वरून खाली पाहिल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि खुर्ची फिरवून संगणकाकडे पाठ करून बसले. हात मांडीखाली घेतले. मोहिनीने सांगितलं की बाहेर जाऊन बसा, पण लॉट निघेपर्यंत तपासनीस खोली सोडत नाही. तानुबाई बातमी घ्यायला आल्या आणि म्हातारा हातांवर बसलेला पाहून काहीही न विचारता परत गेल्या.

चारच्या सुमारास मोहिनीच्या लक्षात आलं की नानांचे ओठ हलताहेत. समोरच्या कपाटाच्या आरशात जांभळ्या ओळी उलट्या दिसत होत्या आणि नाना त्या उलट्याच वाचत होते. तिने आरशावर टॉवेल टाकला. नानांनी डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहासुद्धा घेतला नाही, कारण कप धरायला हात बाहेर काढावा लागला असता. मोहिनी दर दहा मिनिटांनी आकडा बघत होती. अठ्ठावन्न. एकसष्ट. एकसष्ट. एकसष्टवर अडकल्यासारखं वाटलं तेव्हा पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की ओळीवर बोट ठेवावं, नीट बघावं, नक्की चालू आहे ना. तिने हात मागे घेतला आणि नानांच्या बाजूला, संगणकाकडे पाठ करून, दुसरी खुर्ची मांडली.

सात वाजून दहा मिनिटांनी पंख्याचा आवाज एकदम उतरला. दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. शंभर.

आठला साक्षी आली, चपला न काढता संगणकापाशी गेली आणि प्रोग्रॅम उघडला. करपलेलं पान पडद्यावर आलं, डाव्या कोपऱ्यात अंगठ्यासकट. तिने नानांचा हात घेतला आणि पडद्यावरच्या अंगठ्याशेजारी धरून बघितला. नाना म्हणाले, माल तोच आहे.

सोमवारी परीक्षक बाईंनी लिनक्सवर पाहिलं, घरून नेलेल्या संगणकात विंडोजवर पाहिलं, पानं पुढेमागे केली. चाळीसेक फोटो झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, प्रत्येक फोटोत हा अंगठा कुणाचा आहे.

"तपासनिसांचा," साक्षी म्हणाली.

बाईंनी मान डोलावली आणि कागदावर तसं लिहून घेतलं. प्रोजेक्ट पास झाला. एक बटण थोडं तिरकं दिसतं, ते दुरुस्त करून घ्यावं, असा शेरा होता. त्या शेऱ्यामुळे साक्षी तोंड पाडून घरी आली. नानांनी कागद उजेडात धरून वाचला, खालची सही नीट पाहिली, वही उघडली आणि अनुक्रमांक एकशे अडतीसवर लिहिलं: बटण, तिरके. सवलतीत पास.

मग जेवणं झाली, भांडी झाली, आणि झोपायच्या आधी मोहिनीने गॅसचा रेग्युलेटर बंद केला. ती परत एकदा बघायला उठली तेव्हा नाना आधीच तिथे उभे होते.

"बंद आहे," ते म्हणाले.

तिने तरी हात लावून बघितलं. नाना थांबले होते.