मुका खांब

पिरनवाडीच्या भरमूला झाडाच्या पोटातलं ऐकू येतं, असं लोक म्हणत.

कुणाच्या परड्यातलं झाड उतरवायचं असलं, की तो आधी कोयता खाली ठेवायचा. पटका काढायचा. खोडाला कान लावायचा आणि मुठीनं दोन-तीन जागी ठोकायचा. झाड आतून पोकळ असलं तर मालक कितीही मोठा असो, भरमू चढायचा नाही. दोर लावून खालनंच ओढू म्हणायचा. त्याचा बापही असंच करत आला होता. बाप झाडावरनं पडून मेला नाही. भरमूही कधी पडला नव्हता.

खाली दोर धरायला त्याचा मेहुणा भावकू असायचा. भावकू म्हणजे भरमूच्या बायकोचा, गुणाबाईचा धाकटा भाऊ. अंगानं दणकट, बोलायला कमी. दोराचं एक टोक भरमूच्या कमरेला असे. तिथनं दोर वरच्या बेचक्यातून फिरून खाली भावकूच्या हातात येई. काथ्याचा कोरडा दोर हात कापतो आणि गाठीला सुटतो, म्हणून आदल्या रात्री तो हौदात भिजत टाकायचा. वर-खाली ओरडून बोलायची त्यांना सवय नव्हती. भरमूनं एक हिसका दिला की ढील द्यायची. दोन दिले की ताणून धरायचं. आणि काहीही झालं तरी खालच्यानं दोर सोडायचा नाही.

एकदा अनगोळच्या एका फणसावर मोहोळ उठलं होतं. भरमू पटक्यात तोंड गुंडाळून वर गप्प बसला. सगळ्या माश्या भावकूवर आल्या. त्यानं दोर सोडला नाही. घरी आला तेव्हा त्याचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. गुणाबाईनं दारातच विचारलं, हे कोण पाहुणं आणलंय? भरमू ही गोष्ट प्रत्येक जत्रेत सांगायचा. शेवटी मात्र हसायचं थांबून म्हणायचा, "माझा जीव ह्येच्या मुठीत असतोय. तवा भाकरी ह्येला आधी वाढायची."

बेळगावात विजेचे खांब आले, तेव्हा तारांच्या आड येणाऱ्या फांद्या काढायला वीज कंपनीनं भरमूलाच बोलावलं. वीज करणारं इंजन तेव्हा दिवे लागायच्या वेळी सुरू होई. दिवसभर तारा नुसत्याच लोंबत. कावळे बसत. कंपनीची माणसंही तार हातानं बाजूला सारून काम करत. भरमूही तसंच करायला शिकला. एका हातानं तार बाजूला धरायची, दुसऱ्या हातानं कोयता चालवायचा.

एकदा लष्करी कॅम्पात काम लांबलं आणि दिवस मावळला. तारेला बोट लागलं. बोट, कोपर, खांदा, सगळं झणझणलं. तो झाडावरच बसून राहिला, मग हळूहळू उतरला. उतरल्यावर त्यानं काय करावं? शेजारच्या सागवानी खांबाला कान लावला. खांब आतून गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तोच खांब ऐकला. गप्प. संध्याकाळी पुन्हा ऐकला. गुणगुणत होता. असं त्यानं बरेच दिवस केलं. मग त्याची खात्री पटली. वीज आली की खांब गातो, गेली की मुका होतो. झाडाचं पोट कळतं तसं खांबाचंही कळतं. तेव्हापासून तारेजवळचं काम असलं की चढायच्या आधी झाड ऐकायचं आणि खांबही ऐकायचा, असा नेम पडला. कंपनीची माणसं हसायची. पण खांब कधी खोटं बोलला नाही.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात शहापुरातली एक पिठाची गिरणी विजेवर चालू झाली. तिच्यासाठी दिवसाही वीज सोडायला लागले. तशी दवंडी पेठेत पिटली, मराठीत आणि कानडीत. पिरनवाडीत पिटली नाही. तिथं तारच नव्हती.

भावकू जोंधळे दळायला म्हणून शहापूरला गेला, तेव्हा त्यानं ती गिरणी पाहिली. भर दुपारी पट्टा फिरत होता आणि धूर कुठंच नव्हता. मृगाच्या तोंडावर दोघे टिळकवाडीला निघाले, तेव्हा वाटेत त्यानं ते सांगितलं.

"दाजी, शापूरची गिरण तारंवर चालतीया. दिवसा."

"व्हय? मग खांबालाच इचारू की आज."

काम मारुतीराव वकिलांच्या बंगल्यावर होतं. कुंपणातला आंबा रस्त्यावर झुकला होता आणि त्याची एक फांदी तारांवर टेकायला आली होती. वकिलांनी कंपनीला कळवलं होतं. माणूस दोन दिवसांत येऊन वीज बंद करील, मग फांदी काढा, असं उत्तर आलं होतं. वकिलांनी तसं भरमूला सांगितलंही. भरमू म्हणाला, आभाळ बघा. पहिल्याच वादळात फांदी तारा घेऊन खाली येईल. आणि साहेब, मी खांब ऐकल्याशिवाय चढत नाही.

त्या सकाळी हवा कोंदली होती. पान हलत नव्हतं. भरमूनं आंब्याला कान लावला, ठोकलं, मान हलवली. मग रस्त्यावर जाऊन खांबाला कान लावला. बराच वेळ. वकील व्हरांड्यातून पाहत होते.

"हिकडं ये. तू बी ऐक," तो भावकूला म्हणाला.

भावकूनं कान लावला. आत काहीच नव्हतं. लाकडाचा गारवा तेवढा कानाला लागला.

"मुका हाय," भावकू म्हणाला.

"मग? गिरणीचं भ्या घिऊन आलतास न्हवं? तुझा कान तुला खोटं सांगंल व्हय रं?"

भरमू चढला. वकिलांनी अडवलं नाही. वीज आहे की नाही, हे ओळखायला त्यांच्याजवळ तरी दुसरं काय होतं? त्यांनी वीज फक्त बटणापाशी पाहिली होती.

लहान फांद्या उतरल्या. भावकू ढील देत होता, ताणत होता. मग मोठ्या फांदीची पाळी आली. भरमूनं नेहमीसारखी डाव्या हातानं तार बाजूला धरली.

ओरडणं झालं नाही. आवाज काहीच झाला नाही. भावकूला आधी कळलं ते तळव्यात. ओल्या दोरातून बारीक बारीक हिसके येत होते. एक नाही, दोन नाही, न थांबता, मुंग्या चढाव्यात तसे. असल्या हिसक्यांचा अर्थ दोघांत कधी ठरला नव्हता. तो वर पाहत राहिला. दाजीचा कोयता खाली पडला. दाजीची मान मागं गेली होती आणि डावी मूठ तारेवर मिटलेली होती.

भावकूनं दोर ओढला. सगळ्या ताकदीनं ओढला. भरमू बेचक्याकडं उचलला गेला, पण मूठ सुटली नाही. तारच त्याच्याबरोबर वर आली. ढील दिली तर तो तारेवरच लोंबेल. भावकूनं ढील दिली नाही.

वकील धावत आले. त्यांनी कारकुनाला सायकलवरून इंजनघराकडं पिटाळलं. माळ्यानं शिडी आणली, ती त्यांनी ढकलून पाडली. मोलकरीण पाण्याची घागर घेऊन आली होती. त्यांनी तिच्या हातातून ती हिसकून घेतली. त्याला हात लावायचा नाही, पाणी टाकायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. काय करायचं, ते नव्हतं.

"दोर सोड," ते भावकूला म्हणाले. "अरे, दोर ओला आहे. तूही जाशील. सोड."

"न्हाय सोडत."

"भावकू, ऐक माझं."

"पडंल की वो दाजी."

रस्त्यावर माणसं जमली. सगळे वर पाहत उभे होते. भावकूच्या तळव्यातल्या मुंग्या थांबत नव्हत्या. त्या चालू होत्या तोवर त्याला वाटत होतं, दाजी अजून काहीतरी सांगतोय.

मग त्या थांबल्या. इंजन बंद झालं होतं. वर मूठ उघडली आणि भरमूचा सगळा भार एकदम दोरावर आला. दोर भावकूच्या हातातून सरकला, कातडं घेऊन सरकला. त्यानं पुन्हा आवळला. मग हात-हात ढील देत, सावकाश, एकाही फांदीला न आपटू देता, त्यानं दाजीला खाली आणलं. गवतावर ठेवलं. कमरेची गाठ सोडली.

डॉक्टर आले. ते फार वेळ थांबले नाहीत.

दुपारनंतर कंपनीचा वायरमन आण्णाप्पा तार पाहायला आला. दिवसा तार हातानं सारायला भरमूला ज्यांनी शिकवलं, त्यांतलाच तो एक. भावकू खांबाला टेकून बसला होता. आण्णाप्पानं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की खांब ऐकला होता, मुका होता. आण्णाप्पानं वर तारांकडं पाहिलं.

"ते वाऱ्यानं रे," तो म्हणाला. "संध्याकाळी वारा सुटतो, तारा वाजतात, ते खांबात उतरतं. विजेचा आवाज नसतो. आम्ही त्याला कधी सांगितलंच नाही. आम्हाला ती गंमत वाटायची."

भावकूनं त्याच्याकडं पाहिलं. रागवायला पाहिजे होतं. राग आला नाही.

बैलगाडी पिरनवाडीत पोचली, तेव्हा खबर आधीच गेली होती. बायका गुणाबाईला धरून बसल्या होत्या. ती उठली. आधी नवऱ्याकडं गेली नाही, भावाकडं आली. त्याचे दोन्ही हात तिनं उलटे करून पाहिले. तळव्यांचं कातडं राहिलं नव्हतं. दोराचं काही विचारायची गरज उरली नाही. त्यानं दोर सोडला नव्हता.

मग तिनं विचारलं, "खांब ऐकला हुता न्हवं?"

आण्णाप्पाचं बोलणं भावकूच्या ओठावर आलं. सांगावं, तर एवढ्या वर्षांचा दाजीचा कान खोटा होणार होता. न सांगावं, तर आक्का जन्मभर त्या खांबाला शिव्या देणार होती.

"ऐकला हुता, आक्का," तो म्हणाला. "मीबी ऐकला हुता."

तिनं मान हलवली. बाहेर वारा सुटला होता. उघडे तळवे मांडीवर ठेवून भावकू दारात बसून राहिला.