कर्त्याची तक्रार नाही

किस्से दाराबाहेरच्या चपलांसारखे साठतात. एकेक येऊन पडतो, आपले लक्ष नसते, आणि एके दिवशी दार उघडावे तर पाऊल टाकायला जागा नाही! माझी भाची मुक्ता हिचा बिबवेवाडीत पावलांचा दवाखाना आहे. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यापासून मी सकाळी तिथे बसून रुग्णांना क्रमांक देते, आणि क्रमांकासाठी थांबलेली माणसे मला किस्से देतात.

या किश्श्यांना एक कायमचे श्रोते होते, वामनराव. आमच्याच शाळेत ते मराठी व्याकरण शिकवत. मुक्ता त्यांची विद्यार्थिनी. त्यांचा मधुमेह जुना. दवाखान्यात ते रोज येत, पण वर्तमानपत्र वाचायला. "सर, एकदा पावलं दाखवा ना," असे मुक्ता म्हणाली की उत्तर ठरलेले असे.

"‘पाय दुखतो’ या वाक्यात कर्ता पाय आहे. कर्त्याचीच तक्रार नाही, तर तू कोण?"

थांबलेली माणसे हसत. मुक्ता हसत नसे. मधुमेहात पावलांची जाणीव हळूहळू बोथट होते, आणि मग जखमेची बातमी आणायला वेदनाच उरत नाही. अशाने माणसाचे बोट जाते, कधी पाऊल जाते. तिने हे मला समजावून सांगितल्यापासून माझेही हसू आटले होते.

*

दवाखाना निघाला तेव्हाची गोष्ट. ‘पोडायाट्रिस्ट’ हा शब्द फलकावर नको, असा वामनरावांचा आणि माझा आग्रह. पुष्कळ खल करून आम्ही नाव ठरवले: ‘पादचिकित्सालय’.

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. खुर्चीत बसले, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून मुक्ताला म्हणाले, "ताई, जेवण झालं की फार होतं हो. आवाज नसतो, पण घरचे उठून जातात."

मुक्ताला काही उमगेना. तिने स्टूल पुढे ओढले आणि त्यांचे पाऊल हातात घेतले. गृहस्थ ताडकन उठले. "अहो, तिथून नाही!"

संध्याकाळी फलक उतरवला. आता तिथे ‘पावलांचा दवाखाना’ असे साधे नाव आहे. वामनराव उतरलेल्या फलकाकडे पाहत म्हणाले, "समास निर्दोष होता. समाज नाही."

*

बुधवार पेठेत विजेच्या सामानाचे दुकान असलेले एक जोडपे आले होते. बाईंचा क्रमांक यायचा होता, आणि यजमान फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "हो, हिला घेऊन आलोय. कुरूप आहे ना! डॉक्टर म्हणतात, काढून टाकू."

बाई माझ्याकडे वळल्या. "उद्या ह्यांनाही आणते. ह्यांचं जन्मापासूनचं आहे. निघेल का हो?"

पावलावरच्या त्या टणक गाठीला ‘कुरूप’ हे नाव कोणी दिले कोण जाणे! ‘भोवरी’ हा शब्द त्याहून सभ्य, आणि अधिक नेमकाही. त्या बाईंनी भोवरी घरीच ब्लेडने खरवडून लालभडक करून ठेवली होती. मुक्ताने आधी त्यांची चप्पल हातात घेतली. पुढे टोकाला अरुंद, बोटांना मुळीच जागा नाही.

"ही गाठ चपलेनं केलीये. चप्पल बदलली नाहीत, तर मी काढीन आणि ती पुन्हा करील. आणि ब्लेड परत पावलाला लावायचं नाही."

यजमान खूश झाले. "म्हणजे दोष चपलेचा!"

"आणि ती पसंत कोणी केली?" बाई म्हणाल्या.

*

पुण्यातली पाटी चपला बाहेर काढायला सांगते. आमची पाटी नेमकी उलटी: ‘पादत्राणे कृपया आत आणावीत. त्यांचीही तपासणी होते.’ मजकूर अर्थातच वामनरावांचा.

कोणी आणत नाही! धायरीचे एक आबा तर उंबऱ्यावरच अडून बसले. "आत देवाचा फोटू हाय. जोडं घिऊन कसं येऊ?"

मी पाटी वाचून दाखवली. आबा म्हणाले, "पाटी तुमची हाय, देव समद्यांचा हाय."

शेवटी मुक्ताच बाहेर गेली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. तिने बुटात हात घातला, आतून बोटे फिरवली आणि हरभऱ्याएवढा खडा बाहेर काढला.

"आबा, हा कधीपासून आत आहे?"

"कुणास ठावं! टोचलंच नाय."

आबांनाही मधुमेह होता. मुक्ताने मग त्यांना सावकाश समजावले: बुटात आधी हात फिरवायचा, मग पाय घालायचा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. पाणी कढत आहे का, ते पावलाला नव्हे, कोपराला विचारायचे. रोज तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर घरच्यांना बघायला सांगायचे. फोड, जखम, बदललेला रंग दिसला, किंवा एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागले, तर त्याच दिवशी दाखवायला यायचे.

आबांनी विचार केला. "म्हंजी, दुखत नसलं तरी यायचं?"

"दुखत नाही, म्हणूनच यायचं."

हे ती आबांना सांगत होती, पण तिची नजर दारातून आत, वामनरावांकडे होती. वामनरावांनी वर्तमानपत्र आणखी वर धरले.

*

पावले दाखवायला नकार देता येतो. नमस्काराला कसा देणार?

गुरुपौर्णिमेला मुक्ता सरांच्या घरी गेली. मीही सोबत होते. सर अनवाणी उभे राहिले, ती वाकली आणि तिने दोन्ही पावलांवर दोन्ही तळहात ठेवले.

"आयुष्मती भव," सर म्हणाले.

मुक्ता उठेना.

"यशस्विनी भव."

तरी उठेना. सरांनी माझ्याकडे पाहिले, मग खाली. "अगं, आशीर्वाद संपले!"

"सर, उजवं पाऊल गरम लागतंय," खालून आवाज आला. "भिंतीला धरा आणि जरा उचला."

अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यात, एक ड्रॉइंग पिन डोक्यापर्यंत रुतली होती. भोवती सूज, पू. सर आणि मी एकाच सोसायटीतले; तिथल्या सूचनाफलकावर काही अशुद्ध दिसले की त्याखाली शुद्ध मजकूर लिहून लावण्याची सरांची सवय होती. पिन त्यांचीच होती. किती दिवस ते तिच्यावर चालत होते, ते त्यांना सांगता येईना.

"पण कर्त्याने तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले. उभ्या आयुष्यात त्यांना अपूर्ण वाक्य बोलताना मी पहिल्यांदा ऐकले.

"कर्ता मुका झालाय, सर," मुक्ता म्हणाली, आणि तिने रिक्षा बोलवायला मला खाली पाठवले.

*

रुग्णालयात अंगठा काढावा लागेल की राहील, हे बरेच दिवस ठरत नव्हते. रोज मलमपट्टी होई आणि रोज सर विचारीत, "आज काय निकाल?"

जखम भरत आल्यावर एका सकाळी मुक्ताने त्यांना दवाखान्यात बसवले. तिच्याकडे नायलॉनचा एक बारीक दोरा असतो. तो तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा, आणि रुग्णाने, तेही डोळे मिटून, कळल्यावर सांगायचे, इतकीच परीक्षा.

"दोरा लागला की ‘हो’ म्हणा, सर."

सर ताठ बसले. डोळे मिटले. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा अगदी सावध होता. मी पाहत होते. दोरा टाचेला टेकला, वाकला, उठला. अंगठ्याला, करंगळीला, मधल्या उंचवट्याला. मग दुसऱ्या पावलाला. बाहेर रिक्षांचे भोंगे चालू होते, आणि आत कोणी ‘हो’ म्हणत नव्हते.

थोड्या वेळाने सर डोळे मिटूनच म्हणाले, "मुक्ता, सुरू कर की."

"झालं, सर."



*

अंगठा राहिला.

पुढच्या गुरुपौर्णिमेला सरांच्या घरी जुने विद्यार्थी जमले होते. कोणी हिंजवडीहून आलेला, कोणी सरकारी कचेरीतून अर्धा दिवस रजा काढून. दारात चपलांचा ढीग. आत सर आरामखुर्चीत बसलेले, पावले समोरच्या स्टुलावर, तळवे थेट दाराकडे! आलेली मंडळी संकोचून एकमेकांकडे पाहू लागली.

अखेर हिंजवडीवाला धीर करून पुढे झाला आणि वाकू लागला. सरांनी हात वर करून त्याला थांबवले.

"नमस्कार नंतर. आधी चष्मा लाव, आणि दोन्ही तळवे नीट वाच. चूक आढळली, तर मोठ्याने सांग."