तलावाच्या पाळीवरचं थाई जेवण

तिरोड्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझ्याबरोबर उतरलेले निम्मे लोक पांढऱ्या कपड्यांत होते. माघ पौर्णिमा होती. बोदलकशाच्या वाटेवरच्या एका गावात त्या दिवशी धम्म मेळावा भरतो, तिकडेच सगळे निघाले होते. मीही. माझी पत्नी विमल त्या गावची. दर वर्षी मेळाव्याला ती एकटी जायची, कारण माझ्या कॉलेजच्या परीक्षा त्याच सुमारास यायच्या. मागच्या चैत्रात ती गेली. या वर्षी तिच्या धाकट्या भावाचा, प्रकाशचा, फोन आला आणि मी येतो म्हणालो.

प्रकाश स्टेशनबाहेर मोटारसायकल घेऊन उभा होता.

"जय भीम, भाऊजी. चाय इथंच घ्या. गावात आज चाय नाई भेटत, थाई भेटते."

हा विनोद त्याने सकाळपासून बऱ्याच जणांना ऐकवला असावा. चहावाला हसला नाही. मग प्रकाशने नीट सांगितलं. गावच्या विहाराला थायलंडच्या उपासकांनी बुद्धमूर्ती दिली होती. आज तिची स्थापना होती. मूर्तीबरोबर तिकडची बसभर माणसं आली होती आणि त्यांनी विहारासमोर स्वयंपाकाच्या राहुट्या थाटल्या होत्या. त्यांच्याकडे सणाला रस्तोरस्ती विकतात ते सगळे पदार्थ इथे दान म्हणून वाढायचे होते.

गावाकडचा रस्ता मला पाठ नव्हता. धान कधीच कापून झालं होतं. बांध्यांमध्ये (धानाच्या बांधलेल्या शेतांत) लाखोळीच्या डाळीची हिरवी जाळी पसरली होती. पळसाच्या कळ्या अजून काळ्याच होत्या. तलावाखालच्या जमिनीत मात्र पाणी सोडलेलं होतं आणि बायका ओणव्या होऊन उन्हाळी धानाची रोवणी करत होत्या. प्रकाश वळणावळणावर कोणाची शेती, कोणाचं घर ते सांगत होता. मी ऐकत होतो.

मूर्तीची वंदना झाल्यावर आम्ही राहुट्यांकडे आलो. पहिल्या राहुटीत पाद थाई (चिंचेच्या कोळात परतलेल्या तांदळाच्या शेवया) होती. मोठ्या लोखंडी कढईत एक हसरा गृहस्थ ती दोन उलथन्यांनी उडवत होता. आमच्या पुढच्या म्हातारीने पत्रावळीतला एक घास घेतला आणि त्याला विचारलं, "शेवया आंबट काऊन केल्या, बापा?" त्याने हात जोडून तिला आणखी वाढलं. तिने तेही संपवलं.

दुसऱ्या राहुटीत नारळाच्या दुधात शिजवलेली केळी होती. दुभाष्याचं काम करणारे भन्ते आमच्याच जिल्ह्यातले, देवरीकडचे. थायलंडच्या विहारात बरीच वर्षं राहून आलेले. ते म्हणाले, "यांच्या भाषेत या पदार्थाचं नाव आहे, साध्वी झालेली केळी. पांढऱ्या दुधात पांढरी होतात ना, म्हणून." प्रकाशने वाटी संपवली आणि म्हणाला, "चांगली झाली साध्वी." भन्ते हसले. तोवर त्यांच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. दुपारनंतर ते जेवत नाहीत, त्यामुळे ते नुसते नावं सांगत होते आणि चव आमच्यावर सोडत होते.

शेवटच्या राहुटीपाशी गर्दी होती, पण कोणी खात नव्हतं.

तिथे साठीच्या आसपासची एक बाई, माली तिचं नाव, मातीच्या उंच उखळासमोर बसली होती. उखळात कच्च्या पपईचा कीस, टोमॅटो, भाजलेले शेंगदाणे, सुकलेले झिंगे (बारीक कोळंबी). शेजारी बांबूच्या टोपलीत वाफवलेला चिकट भात. तिने एका बरणीचं झाकण उघडलं होतं आणि वास शेजारच्या मेळाव्याच्या मंडपभर गेला होता. बरणीत प्ला रा (मिठात आणि भाताच्या कोंड्यात मुरवलेली मासळी) होती. पलीकडे कर्ण्यावरून नुकतंच सांगून झालं होतं, की आज सगळ्यांनी शील (जीवहिंसा टाळण्याचा नेम) घेतलेलं आहे, मंडपाच्या आवारात मच्छी-मटण आणू नये.

मेळाव्याचे अध्यक्ष रामटेके काका तिच्यासमोर हात जोडून उभे होते. निवृत्त पोस्टमास्तर, सत्तरी ओलांडलेले, धुवट पांढऱ्या सदऱ्यातले.

"बाई, तुमचं दान चांगलंच हाये," ते म्हणत होते. "पण इथं लोकाइनं शील घेतलं हाये. मंडपात मच्छी नाई चालत."

"त्याइचे भन्ते खातात ना पण?" मागून कोणीतरी तरुण बोलला.

"त्याइच्या देशात खाऊ दे न बापा. मी का तिथं आडवाले गेलो?"

भन्त्यांनी मालीला ते समजावलं. तिने मुसळ खाली ठेवलं. मग हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि भन्त्यांनी ते आम्हाला मराठीत सांगितलं. तिचा नवरा, सोमसाक त्याचं नाव, बस स्थानकाबाहेर हातगाडीवर हेच विकायचा. गेल्या पावसाळ्यात तो वारला. त्याचा पदार्थ, तो करायचा तसाच, बुद्धाच्या देशात लोकांना खाऊ घालायचा आणि ते पुण्य त्याला द्यायचं, म्हणून ती आली होती. उद्या त्यांची बस निघणार होती. आज सूर्य बुडायच्या आत हे सगळं कोणाच्या तरी पोटात जायला हवं होतं. टोपलीत उरेल तेवढं त्याला पोचलं नाही, असं मानतात.

"तिकडे सगळे असं मानतात?" मी विचारलं.

"सगळे नाही," भन्ते म्हणाले. "ती मानते."

रामटेके काकांनी मान खाली घातली, पण शब्द बदलला नाही. टोपलीभर भात तसाच होता.

तेवढ्यात मंडपाला लागून असलेल्या तलावाच्या पाळीकडून (बांधाकडून) एक बाई आली. अनुसयाबाई, तलावाची मासळी विकणारी ढिवरीण, कमरेला पदर खोचलेली. "मच्छीचा वास कुठून येऊन रायला, पाहाले आली," ती म्हणाली. "मले वाटलं माझीच टोपली उघडी रायली." मग तिने बरणीत वाकून पाहिलं, हुंगलं आणि पसंतीची मान हलवली. "पाळीवर आना न मंग. पाळ काई समितीची नाई."

रामटेके काका म्हणाले, "पाळीवर माझं काई म्हननं नाई."

असं आम्ही सामान हलवलं. उखळ माझ्या वाट्याला आलं. दिसतं त्यापेक्षा ते फार जड होतं आणि मी ते लहान मूल धरावं तसं दोन्ही हातांनी छातीशी धरून नेलं. प्रकाशने भाताची टोपली डोक्यावर घेतली. पाळीवर मोहाच्या झाडाखाली मालीने पुन्हा मांडामांड केली. समोर तलाव, मागे मंडप. कर्ण्यावरचं भाषण इथेही ऐकू येत होतं.

पहिलं गिऱ्हाईक मीच झालो. मालीने बोटं वर करून मिरच्या किती, ते विचारलं. विदर्भातल्या माणसाला असं विचारतात का, म्हणून मी चार बोटं दाखवली. तिने भन्त्यांकडे पाहिलं. भन्ते मला म्हणाले, "दोन पुरे होतील." मी चारच म्हणालो. तिने मिरच्या, लसूण, गूळ, लिंबू कुटलं, बरणीतला रस घातला, पपई टाकून मुसळाने हलकेच ठेचली आणि चमच्याने खालवर केली. पत्रावळी माझ्या हातात देताना ती "सोमसाक" म्हणाली.

पहिल्या घासाला आंबट, मग गोड, मग खारट मासळी. मग त्या बारक्या मिरच्या लागल्या. मला उचकी लागली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते थांबेना. चष्मा काढून रुमालाने पुसत राहिलो. गेले दहा-अकरा महिने माझे डोळे कोरडे होते आणि लोक मला धीराचा माणूस समजत होते. प्रकाशने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अनुसयाबाईने मात्र तोंडाला हात लावून मासळीवाल्या बायकांना हाक घातली. "या व बायाहो. फुकट हाये, मच्छी हाये, अन् चार मिरच्या खाऊन साहेब अजून मेले नाई."

त्या आल्या. नंतर मंडप ठोकणारे मजूर, जीपवाले, फुगेवाला, जंगलाकडून पत्रावळी विकायला आलेल्या दोन गोंड बायका. झिंग्याची चटणी रोज खाणाऱ्या या लोकांना प्ला रा काही परकी वाटली नाही. त्यांना नवल वाटलं ते भाताचं. आमच्या धानाच्या मुलखात भाताचं शीत शिताला लागू नये यात बाईची करामत असते. माली बोटांनी भाताचा गोळा वळून दाखवत होती, तो पाहून एक म्हातारा जीपवाला तिची समजूत घालू लागला. "होते असं. तांदूळ नवा असन. पानी अंमळ जास्त झालं, तुमची काई चुकी नाई."

भन्त्यांनी ते सांगितल्यावर माली पहिल्यांदा हसली. तिने त्याला दुप्पट भात वाढला.

तरी दुपार कलली तेव्हा टोपली अर्धीच रिकामी झाली होती. पाळीवरचे खाऊन झाले होते. मंडपातले पांढऱ्या कपड्यांतले येत नव्हते. माली कपडा उचलून भात बघायची आणि पुन्हा झाकायची. सूर्याकडेही बघायची. मी भन्त्यांना विचारलं, उद्या सकाळी वाढलं तर? त्यांनी तिला विचारलंसुद्धा नाही, नुसती नकारार्थी मान हलवली.

मग मंडपातून चार-पाच आज्या पाळीवर आल्या. त्यांतली एक म्हणाली, "बिनामच्छीचं होईल का, बाई? भूक लागली हाये. मंडपातला भात संपला."

मी मालीकडे पाहत होतो. बरणीशिवाय तो पदार्थ सोमसाकचा राहील का, हा प्रश्न माझ्या मनात आला, तसा तिच्याही आला असणार. तिने उखळ तलावाच्या पाण्याने तीनदा धुतलं. झिंगे बाजूला ठेवले. नुसतं मीठ, चिंच, गूळ घालून पपई ठेचली. आज्यांना वाढताना नाव तेच घेतलं. मग भन्त्यांना काहीतरी सांगून मान खाली घालून हसू लागली.

"ती म्हणते, तिचा नवरा परदेशी गिऱ्हाइकांना असंच करून द्यायचा. आणि ते गेल्यावर शिव्या घालायचा."

आज्यांनी मंडपात जाऊन सांगितलं असावं, कारण नंतर रांग लागली. मालीचे हात पुरेनात. मी पपई किसत होतो, प्रकाश पत्रावळी देत होता. त्या रांगेच्या शेवटी रामटेके काका होते.

"काका, इकडं काऊन आले?" अनुसयाबाई म्हणाली. "मंडप उडाला का?"

"पाहाले आलो."

"पाहून का पोट भरते?"

"मी नाई खात," काका म्हणाले. "माझा एक वखत जेवायचा नेम हाये आज. पन वाढतो." त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, हात धुतले आणि भाताच्या टोपलीमागे बसले. येईल त्याला मुठीएवढा गोळा द्यायचे आणि मालीने शिकवलं तसं "सोमसाक" म्हणायचे. एका बाईने विचारलं, हे कोण. काका म्हणाले, "इचा मालक. वारला."

ऊन पाण्यावर लाल झालं तेव्हा टोपलीच्या तळाशी दोन मुठी भात होता. माली उठून उभी राहिली. आणखी कोणी येत नव्हतं. अनुसयाबाईने आपल्या टोपलीवर फडकं टाकलं आणि पुढे येऊन बसली. ती दोनदा जेवली होती. "द्या इकडं," ती म्हणाली. "माझ्या पोटात एका मान्साची जागा हाये अजून."

ती सावकाश, एकही शीत न सांडता जेवली. माली तिच्यासमोर बसून शेवटच्या घासापर्यंत पाहत राहिली. नंतर तिने टोपली उलटी करून झटकली आणि पाण्याकाठी जाऊन उखळ धुवायला घेतलं.

प्रकाशने मला मोटारसायकलवरून परत स्टेशनवर आणलं. तिरोड्याला गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसल्यावर मीच विषय काढला. विमलचा पहिला स्मृतिदिन जवळ आला होता. प्रकाशने दोनदा फोनवर विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी बघू म्हणालो होतो.

"जेवण गावातच करू," मी म्हणालो. "तिला आवडायचं तेच करू."

"वांग्याची भाजी," प्रकाश लगेच म्हणाला. "ताईले वांगं लई आवडे."

"वांगं ती खातच नसे. घरी कधी केलं नाही."

"तुमच्या घरी नसन केलं. इथं आली की पहिल्या दिवशी वांगंच मागे."

 इतक्या वर्षांच्या संसारात मला वांगं आवडत नाही हे तिने धरून ठेवलं होतं आणि तिला आवडतं हे कधी सांगितलं नव्हतं. मी तिची आवड म्हणून कढी सांगितली. प्रकाश म्हणाला, लहानपणी ती कढी पाहून ताटावरून उठायची. गाडीची घोषणा झाली तरी आमचं एकमत झालं नव्हतं.

मालीला आपला माणूस चवीनिशी माहीत होता. मला माझं माणूस अर्धं माहीत होतं, उरलेलं या गावाकडे होतं. गाडीत बसल्यावर मला त्याचं वाईट वाटलं नाही. विमलबद्दल अजून काहीतरी नवीन कळू शकतं, असं मला ती गेल्यापासून वाटलं नव्हतं. नंतर फोनवर दोन्ही करायचं ठरलं आहे, वांगंही आणि कढीही. स्वयंपाकाच्या आदल्या दिवशी जाणार आहे, म्हणजे विचारायला वेळ मिळेल.