चुलीजवळची मेढ

धरण बांधताना बैल जुंपून चुना दळायची जी दगडी घाणी होती, तिच्या आवारात आमचं घर. आजा तिथं बैल फिरवायचा. काम संपलं, बैल गेले, आम्ही राहिलो. एवढी मोठी मुळशी, पण आमच्या नशिबाला नेमकी हीच जागा!

सत्तरच्या दशकात मला नेरे गावचं स्थळ आलं, लग्न ठरलं. तेव्हा आवारावर दोघांचा डोळा होता. सरपंचांना सगळं सपाट करून एसटी स्टँड हवा होता. पुण्याचे पुरातत्त्व खात्याचे एक साहेब म्हणत, घाणी, चुन्याची भट्टी सगळं जपायचं, पुढच्या पिढ्यांसाठी. या वादाचा निकाल लागेपर्यंत तिथं बांधायचं नाही, खणायचं नाही. गळकं छप्पर शाकारायचं म्हटलं तर सरपंच म्हणायचे, "पाडायचंच हाय, कशाला खर्च?" आणि साहेब म्हणायचे, "मूळ रूप बदलू नका." पुढच्या पिढ्या म्हणे! आम्ही काय मेलो होतो?

मुहूर्तमेढ रोवायची तर खड्डा हवाच. साहेब तसे भले, आवाज चढवत नसत. म्हणाले, "पिंपात वाळू भरून मेढ उभी करा. शहरात हल्ली तसंच करतात."

आई भडकली. "माझी पोर काय कुंडीत लावायची हाय?"

मेढ मातीत नाही रोवली तर तिच्या लेखी लग्नच लागणार नव्हतं. अंगणात बंदी, तर तिनं घरात चुलीजवळ पहार घातली. पहार खणकन वाजली. खाली घडीव दगड, गोलाईत गेलेला. आईनं वीतभर सरकून दुसरा खड्डा घेतला, मेढ रोवली आणि त्या दगडालाही हळदकुंकू वाहिलं. "शुभकार्यात निघालाय, देवच आसंल."

लग्नाला बापानं साहेबांनाही बोलावलं. मी म्हटलं, "त्यांना कशाला?"

"वळखीच्या माणसाला लग्नात वगळायचं व्हय?"

अक्षता देवळापुढं पडल्या आणि मेढीच्या पाया पडायला सगळे घरी आले. साहेबही मेढीच्या बुडाशी वाकले. मला वाटलं, नमस्कार करतायत. ते दगड चाचपत होते.

"अरे वा, दुसरी घाणी! हीच तर आम्ही शोधत होतो!" लग्न त्यांचंच असल्यासारखा चेहरा फुलला होता. बापाला हळूच म्हणाले, "चूल इथून हलवावी लागेल. आणि हे बुजवू नका हं."

सरपंचांनी तोंड पाडलं. "गेला आमचा स्टँड!" घराचं काय, हे कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही.

आई माझी ओटी भरत होती. तिचा हात थांबला. मी सुटत होते आणि ती कोंडली जात होती, हे मला तिथंच कळलं.

"पाचपरतवणाला म्हायेरी येऊ नगंस, बाई," ती म्हणाली. "चूल कुटं मांडायची त्येच कळंना. लेकीला काय उपाशी ठिवू?"

मी गाडीत जाऊन बसले. बाप साहेबांना पान देत होता.