बीटाची कोशिंबीर

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलासुद्धा नाही. तुम्हाला सांगते – तुम्ही निदान मध्येच "जाऊ दे गं" म्हणणार नाही.

यांना बीटाची कोशिंबीर फार आवडायची. रविवारी हडपसरच्या मंडईतून स्वतः बीट निवडून आणायचे, स्वतःच किसायचे. मी वरून फोडणी घातली की वाटी पुसून खायचे आणि गुलाबी मिशी घेऊन घरभर हिंडायचे. किती सुखाचे होते ते रविवार!

श्रावणात एकदा संडासातून बाहेर येऊन हळूच म्हणाले, "अगं, लाल दिसतंय."

मी पटकन म्हणाले, "बीट खाल्लंत ना? मग दिसणारच."

धायरीच्या नव्या घराची वास्तुशांत दसऱ्यानंतर ठरली होती. पाहुणे, गुरुजी, आचारी – सगळं सांगून झालेलं. पूजेला जोडीनं बसायचं, आणि नवरा दवाखान्यात? नंतरही ते दोनदा बोलले. दोन्ही वेळा मी बीटावरच ढकललं. मग ते बोलेनासे झाले.

वास्तुशांत छान झाली. जेवणाला कुणी नाव ठेवलं नाही.

दिवाळीनंतर तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, रक्त किती दिवसांपासून पडतंय? यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पंधरा दिवस झाले असतील." का म्हणाले? लाज वाटली – दुसरं काय. रिक्षात बसल्यावर हे एवढंच म्हणाले, "चला, बीट निर्दोष सुटलं."

ऑपरेशन झालं, केमो झाली. दोन वर्षं मिळाली.

माझे दीर अजून चारचौघांत सांगतात, "वहिनींनी एक दिवस दवडला नाही हो." मी मान खाली घालते, लोकांना तो विनय वाटतो. डॉक्टर म्हणाले होते, त्रास किती दिवस होता एवढ्यावरच आयुष्य ठरत नाही. लवकर आलेल्यांचाही कधी आधीच पसरलेला असतो. खरं असेल. पण तो दिलासा मी कुठल्या तोंडानं घेऊ? त्यांनी तो माझ्या पंधरा दिवसांना दिला होता.

आणि एक – खरं तर हेच सांगायचं होतं. श्रावणातल्या त्या आठवड्यात पावसामुळे हे मंडईत गेलेच नव्हते. घरात बीट नव्हतं. मला माहीत होतं.

यांनाही.