पत्र्याखालचा हणमंतराव

कंधारच्या आमच्या हणमंतराव मिस्त्रीनं जन्मभर लोकांना मातीच्या छताची थंडगार माळवदं बांधून दिली. स्वतःचं जुनं घर मात्र अक्षय तृतीयेचा मुहूर्त गाठायला नव्या बांधकामाच्या परवानगीआधीच पाडलं, अन् बायकोला, चतुराबाईला, पत्र्याच्या शेडात नेलं.

नगरपालिकेतून परवानगीची फाईल परत आली. नव्या नियमानं छत किती ऊन अडवतं, ते नकाशावर हवं होतं.

"वीतभर पांढरी माती हाय, साहेब. अजून काय लिहू?"

"आकडा आणा, मिस्त्री."

शेडात हे ऐकून चतुराबाई पदरानं वारा घेत हसली. "द्या की हो एखादा आकडा. लई तापून राहिलं."

शेवटी एका इंजिनिअरनं आकडा काढून दिला, परवानगी आली. त्याच्या आदल्याच दुपारी चतुराबाई उष्माघातानं गेली.

हणमंतराव अजून त्या पत्र्याखालीच राहतो. घर बांध म्हटलं, की म्हणतो, "तिला न्हाई मिळालं, दादा. मी कसा निजू गारव्यात?"