पाचच आवाज

फौजेतून सुटलो, चांदा जिल्ह्यात परतलो आणि विहिरींचे खडक फोडू लागलो. ब्रह्मदेशात सॅपर कंपनीत, म्हणजे सुरुंग लावणाऱ्या तुकडीत, चार वर्षं तेच केलं होतं. दुसरं काही येत नव्हतं. घरी बायको सुभद्रा आणि दोन मुली. कामात जोडीला सुभद्रेचा भाऊ महादेव, माझ्याच वयाचा, कामाला वाघ आणि डोक्यानं उतावळा.

वरोऱ्याजवळच्या एका गावात विहीर पस्तीस फुटांवर अडली होती. आदल्या दिवशी खडकाला ओल दिसली, त्यामुळे पाणी पाहायला सारं गाव जमलं होतं. सुभद्रा भाकरी घेऊन आली होती. ११.४० ला महादेवनं सहा सुरुंगांच्या वाती पेटवल्या आणि दोरानं वर आला. मी मोजत होतो. पाच आवाज झाले.

"सहावा?"

"दोन संगंच उडाले, भाऊजी. म्या आयकलं."

"म्या पाच मोजले. अर्धा घंटा कोणी उतरनार नाई."

विहिरीचा मालक हसला. "फौजेचा मानूस अन् भेता काऊन?"

महादेवला ते झोंबलं. मी दोर वर ओढून घेतला, तर त्यानं उतरायला विहिरीच्या कपारीत पाय टाकला. त्याला दंडाला धरून मागे खेचलं, आडवा पाडला आणि त्याच्या छातीवर बसलो. लोक खिदळू लागले.

"सोडा त्याले," सुभद्रा म्हणाली. "लोक हासून राह्यले."

"नाई सोडत."

तिनं तोंड फिरवलं. मला शरम वाटत होती आणि भीतीही. १२.०५ ला सहावा उडाला. दगड काठावर येऊन पडले. कोणी हसलं नाही.

"तुमाले कसं मालूम होतं?" महादेवनं विचारलं.

"मालूम नव्हतं."

मग आजवर कोणाला न सांगितलेलं त्या दोघांना सांगितलं. ब्रह्मदेशात डोंगर फोडताना मोजणी माझी होती. समोरच्या कड्यावरून आलेला प्रतिध्वनीही मी मोजला आणि रिपोर्ट दिला, "सगळे उडाले, साब." नाईक धोंडीराम पुढे गेला आणि उरलेला सुरुंग उडून मेला. अपघात म्हणून नोंद झाली. त्याच्या बायकोला पत्र मीच लिहिलं. त्यात माझी चूक लिहिली नाही.

सुभद्रेनं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "त्या बाईले खरं लिवा."

लिहिलं. उत्तर आलं नाही. यायलाच हवं असंही नाही.

धोंडीराम अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे जाण्याआधी त्यानं मला "नक्की ना?" असंही विचारलं नव्हतं.